पायांवरच्या स्पायडर व्हेन्स : उपचारात काय होतं, कधी होतं आणि किती थांबावं लागतं

पहिल्या इंजेक्शनांनंतर ३ आठवड्यांनी मी पायांचा फोटो काढला आणि उपचाराआधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. नवा फोटो जास्त वाईट होता. मांडीवरच्या जांभळ्या जाळीच्या जागी तपकिरी रेघा उमटल्या होत्या, गुडघ्याच्या आतल्या बाजूला पिवळट पडत चाललेला वळ होता आणि पोटरीवर हाताला लागतील अशा दोन टणक गाठी. हे सगळं होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, पण सगळेच डॉक्टर सावधगिरी म्हणून जे सांगतात त्यातलंच हे, असं समजून विसरूनही गेले होते.

म्हणून हा लेख, शिरेत औषध टोचून ती बंद करण्याच्या उपचारावर, म्हणजे स्क्लेरोथेरपीवर. इंजेक्शन टोचायला अर्धा तास लागतो, पण उपचार पुढचे कित्येक महिने चाललेला असतो आणि पाय सगळ्यात वाईट दिसण्याचा काळ नेमका मध्ये येतो. हे आधी ठाऊक असेल तर निम्मी काळजी कमी होते.

आधी पायावर काय आहे ते ओळखा

लाल, जांभळ्या किंवा निळसर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक शिरा म्हणजे स्पायडर व्हेन्स. त्यांची जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी असते. हात फिरवला तर लागत नाहीत, फक्त दिसतात. त्यांच्या जवळपास, कातडीच्या जरा खाली, हिरवट-निळ्या रंगाच्या १ ते ३ मिलिमीटर जाडीच्या शिरा असतात. त्यांना रेटिक्युलर व्हेन्स म्हणतात. ३ मिलिमीटरहून जाड, उभं राहिल्यावर फुगून दोरीसारख्या वर येणाऱ्या, वेड्यावाकड्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स.

ही मापं नुसती माहितीसाठी नाहीत. शिरांच्या आजाराची जी प्रतवारी जगभर वापरली जाते तिच्यात शून्य ते ६ अशा पायऱ्या आहेत. स्पायडर आणि रेटिक्युलर व्हेन्स पहिल्या पायरीवर येतात, व्हेरिकोज दुसऱ्या, आणि वाहती जखम शेवटच्या. पहिल्या पायरीवरचा माणूस आपोआप सहाव्या पायरीकडे सरकतोच असं अजिबात नाही. बहुतेकांच्या बाबतीत स्पायडर व्हेन्स हा फक्त दिसण्याचा प्रश्न असतो आणि आयुष्यभर तेवढाच राहतो. त्यामुळे काहीच न करणं हाही एक धडधाकट पर्याय आहे, हे दवाखान्यात कुणी सांगो न सांगो, आपण लक्षात ठेवावं.

त्या येतात कशाने? सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा. आईच्या पायावर असतील तर आपल्याही पायावर येण्याची शक्यता बरीच. मग वय, गरोदरपण, स्त्रीसंप्रेरकं, वाढलेलं वजन, तासन्‌तास उभं राहण्याचं काम, कधी एखादा मुका मार. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा येतात असं सर्रास सांगितलं जातं, पण त्याला आधार नाही.

गळती आत कुठे आहे का?

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि शिरा दाबून रक्त वर ढकलतात. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं आणि वरच्या बारीक शिरांवर दाब येतो.

पायावर नुसती तुरळक जाळी असेल, बाकी काही त्रास नसेल, तर तपासून, हात लावून पाहणं पुरतं. पण संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याशी सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे, घोट्याजवळ कातडी काळवंडणं किंवा कोरडी पडून खाजणं, पूर्वी कधी शिरेत गुठळी झालेली असणं, यातलं काही असेल तर डॉप्लर सोनोग्राफी करायलाच हवी. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला बारीक निळ्या शिरांचा झुपका असेल तरीही करावी, कारण आतल्या मोठ्या शिरेत बिघाड असल्याची ती खूण असू शकते. या तपासणीत सुई नसते. बहुधा उभं करून पायावर जेल लावतात, पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते पडद्यावर पाहतात. वरवरच्या शिरांत ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहत असेल तर झडपा निकामी आहेत असं धरतात.

तसं आढळलं तर आधी ती मोठी शीर बंद करण्याचा उपचार करावा लागतो आणि मग वरची जाळी. उलट क्रमाने गेलं तर छत गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखं होतं. काही महिन्यांत तिथेच नवी जाळी उगवते आणि दोष मात्र इंजेक्शनला मिळतो.

पहिल्या भेटीत काय सांगायचं, काय विचारायचं

या उपचारासाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा रक्तवाहिन्यांचे शल्यतज्ज्ञ, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन, यांच्याकडे जावं. सौंदर्योपचारांच्या दुकानात ‘शिरा घालवून मिळतील’ असा फलक असला तरी तिथे पाय ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली तर ती सांभाळायची तयारी असलेली जागा हवी.

डॉक्टरांना पुढच्या गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी सांगा. गरोदर आहात किंवा बाळाला पाजता आहात. पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली होती किंवा घरात कुणाला झाली होती. गर्भनिरोधक किंवा इतर संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत. रक्त पातळ करणारी औषधं किंवा ॲस्पिरिन घेता. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मुरमांसाठी मिनोसायक्लिन घेता, कारण त्याने डाग गडद होऊ शकतात. अर्धशिशी आहे आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमतं. हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे. कुठल्याही औषधाची ॲलर्जी आहे. यातली कुठलीही गोळी, विशेषतः रक्त पातळ करणारी, स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

गरोदरपणात हा उपचार करत नाहीत आणि पाजत असतानाही शक्यतो टाळतात. त्यात घाई करण्याचं कारणही नसतं. गरोदरपणात उमटलेल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आपोआप फिक्या होतात. पायातल्या खोल शिरेत ताजी गुठळी असेल, पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा कमी असेल, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा माणूस चालूच शकत नसेल, तर उपचार होत नाही.

विचारायचे प्रश्न मात्र थोडे आणि थेट ठेवा. कुठलं औषध, किती तीव्रतेचं? सुई स्वतः डॉक्टर टोचणार की आणखी कुणी? माझ्या पायांना अंदाजे किती वेळा यावं लागेल? डाग राहिला तर तुम्ही पुढे काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जे डॉक्टर शांतपणे आणि सविस्तर देतात, त्यांच्याकडे काम करून घ्यावं. ‘डाग पडतच नाहीत’ असं म्हणणाऱ्याचे आभार मानून उठावं.

आणि फोटो. डॉक्टर काढतीलच, पण तुम्हीही काढा: एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, तेवढ्याच अंतरावरून, समोरून, मागून आणि दोन्ही कडांनी. पुढे तुमच्या आठवणीपेक्षा हे फोटो जास्त खरं बोलतील. आधी पायावर किती शिरा होत्या हे माणूस महिन्याभरात विसरतो आणि राहिलेल्या चार रेघांवर डोळे लावून बसतो.

स्क्लेरोथेरपी म्हणजे नेमकं काय करतात

पायांवरच्या स्पायडर व्हेन्ससाठी आजही पहिली पसंती याच उपचाराला असते. बारीक सुईने शिरेच्या आत असं औषध सोडतात की तिच्या आतलं अस्तर दुखावतं. भिंती सुजतात, एकमेकींना चिकटतात, शीर बंद होते. पुढच्या काही आठवड्यांत तिचा तंतू होतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं. रक्ताचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. या शिरांतून जाणारं रक्त इतकं थोडं असतं की ते शेजारच्या निरोगी शिरांमधून सहज वाट काढतं. पायाचं काही अडत नाही.

औषधांत दोन नावं जास्त ऐकू येतील. एक पोलिडोकॅनॉल. मुळात भूल देणारं औषध म्हणून ते तयार झालं होतं, त्यामुळे टोचताना फारसं झोंबत नाही. बारीक शिरांसाठी साधारण ०.५ टक्के आणि रेटिक्युलरसाठी १ टक्का तीव्रतेचं वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१० साली मान्यता दिली, युरोपात ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. दुसरं सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. ते जास्त जोरकस, म्हणून बारीक शिरांना फार सौम्य करून देतात. काही ठिकाणी २३.४ टक्क्यांचं तीव्र मिठाचं पाणीही वापरतात. त्याची ॲलर्जी होत नाही ही जमेची बाजू, पण ते टोचताना चांगलंच झोंबतं, पायात गोळे येतात आणि शिरेबाहेर सांडलं तर जखम होऊ शकते.

जाड शिरांसाठी यातल्या पहिल्या दोन औषधांपैकी एक हवेत घुसळून त्याचा फेस करतात. दोन सिरिंज एका तिहेरी तोटीला जोडायच्या आणि १ भाग औषध व ४ भाग हवा इकडून तिकडे वेगाने खेळवायची. इटलीचे लोरेंझो टेसारी यांनी २००० साली मांडलेली ही पद्धत इतकी सोपी आहे की पाहताना हसू येतं. फेस शिरेतलं रक्त बाजूला सारतो आणि थोडक्या औषधात काम होतं. निव्वळ लाल केसाएवढ्या शिरांना मात्र फेसाची गरज बहुधा पडत नाही. तिथे द्रव औषधच बरं.

जायच्या आधीचे दोन दिवस

फारशी तयारी लागत नाही. आदल्या दिवसापासून पायांना क्रीम, तेल, लोशन लावू नका. चिकटपट्ट्या आणि मोजे दोन्ही घसरतात. त्याच दिवशी पायावरचे केस काढू नका. ऊन लागून पाय रापलेले असतील तर तारीख पुढे ढकलणं चांगलं. उपाशीपोटी जायचं नाही, हलकं काहीतरी खाऊन जा, नाहीतर सुया पाहून चक्कर यायची. ढगळ चड्डी आणि वरून सैल पायजमा किंवा घागरा असा पोशाख ठेवा, कारण येताना पायात घट्ट मोजे असतील. दाबाचे मोजे आधीच माप घेऊन आणून ठेवा, आणि घरी एकदा चढवून पाहा. पहिल्यांदा चढवताना घाम निघतो. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते.

लांबचा प्रवास किंवा लग्नकार्य महिन्याभरात असेल तर थांबा. समारंभात पाय चांगले दिसावेत अशी इच्छा असेल तर काम निदान ६ महिने आधी सुरू करायला हवं.

टेबलावर

आडवं झोपवतात. उभ्याने पाहून शिरांवर कधी पेनाने खुणा करतात. कातडीवरची चमक घालवणारा खास दिवा किंवा आतल्या शिरा दाखवणारं यंत्र वापरतात. स्पिरिटने पुसतात आणि सुरुवात होते. सुई ३० गेजची, म्हणजे बाहेरून जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते. टोचणं मुंगी चावल्यासारखं, काही जागी मात्र, घोट्याजवळ आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जरा जास्त लागतं. एका ठिकाणी औषधाचे थोडेच थेंब, ०.१ ते ०.३ मिलिलिटर. औषध आत जाताच डोळ्यांदेखत जाळी पांढरी पडते आणि क्षणभर सगळं पुसून गेल्यासारखं दिसतं. काही मिनिटांत ती परत दिसू लागते, लालभडक होऊन. ‘काहीच झालं नाही’ असं तेव्हा वाटतं. तसं नसतं.

एका बैठकीत दहा-पंधरापासून अनेक डझनांपर्यंत टोचण्या होऊ शकतात आणि १५ ते ४५ मिनिटं जातात. जाणकार हात आधी पोसणाऱ्या निळ्या शिरेकडे वळतो आणि मग तिच्यावर उगवलेल्या लाल फांद्यांकडे. बऱ्याचदा खोड बंद झालं की फांद्या आपसूक मिटतात.

सुरू असताना एखाद्या जागी जळजळ वाढत गेली, तीव्र कळ आली किंवा छातीत दडपल्यासारखं, घशाशी खाजल्यासारखं वाटलं तर संकोच न करता लगेच सांगा. सहनशीलता दाखवायची ही जागा नव्हे. फेस वापरला असेल तर काहींना थोडा वेळ डोळ्यांपुढे ठिपके दिसतात, डोकं दुखतं किंवा कोरडा खोकला येतो. हे बहुधा आपोआप ओसरतं, पण तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मोजे आणि चालणं

टोचून झालं की जागोजागी कापसाचे बोळे चिकटवतात आणि वर दाबाचे मोजे. बहुधा २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याएवढ्या दाबाचे असतात. किती दिवस घालायचे, यावर डॉक्टरांत एकमत नाही. स्पायडर व्हेन्ससाठी २-३ दिवस आणि रेटिक्युलरसाठी ५ ते ७ दिवस ही किमान मर्यादा पुष्कळ जण पाळतात, तर काही जण ३ आठवडे दिवसा घालायला सांगतात, कारण डाग कमी पडतात असा त्यांचा अनुभव. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तितकं पाळा. बोटं बधिर झाली, निळी-पांढरी पडली किंवा गार लागली तर मात्र मोजा काढायचा आणि फोन करायचा.

तिथून उठल्यावर लगेच १५-२० मिनिटं चालायचं. आराम करायचा नाही. पोटरीचा पंप चालू राहिला की औषध खोल शिरांत रेंगाळत नाही आणि गुठळीचा धोका कमी होतो. त्या दिवसापासून रोजचं चालणं, घरकाम, कार्यालय सगळं चालू ठेवता येतं. पुढचे काही दिवस धावणं, वजन उचलणं, जोरबैठका नकोत. गरम पाण्याच्या टबात बसणं, वाफ घेणं, पाय शेकणं २ आठवडे तरी टाळा, कारण उष्णतेने शिरा फुगतात. कोमट पाण्याने अंघोळ चालते. आणि पायांवर ऊन पडू देऊ नका. डाग गडद होण्याचं ते एक सोपं कारण आहे.

आता मधला काळ

पहिल्या काही तासांत टोचलेल्या जागी डास चावल्यासारख्या गांधी उठतात आणि खाज सुटते. एक-दोन दिवसांत बसतात. खाजवू नका. पहिल्या आठवड्यात निळे-काळे वळ, ते मग हिरवट-पिवळे होऊन २-३ आठवड्यांत विरतात. घोट्याजवळ काम केलं असेल तर पावलावर हलकी सूज येते. इथपर्यंत सगळे शांत असतात.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तीन पाहुणे येऊ शकतात, आणि नेमके तेच लोकांना घाबरवतात.

पहिला, अडकलेलं रक्त. शीर दोन्ही टोकांनी बंद होते आणि मध्ये थोडं रक्त कोंडून गोठतं. बोटाला टणक, दुखरी, काळपट दोरी किंवा मण्यासारखी गाठ लागते. ही म्हणजे खोल शिरेतली धोक्याची गुठळी नव्हे. डॉक्टर बारीक सुईने टोचून ते काळं, दाट रक्त दाबून काढून टाकतात. दोन मिनिटांचं काम, दुखणं लगेच उतरतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ते काढल्याने तिथे डाग पडण्याची शक्यता कमी होते. म्हणूनच साधारण २ ते ४ आठवड्यांनी दाखवायला जायची भेट ‘बरं वाटतंय’ म्हणून बुडवू नये. मी पहिल्या वेळी बुडवली. त्या दोन गाठींच्या जागी पडलेले डाग सगळ्यात शेवटी गेले.

दुसरा पाहुणा तपकिरी डाग. शिरेच्या वाटेवरच गंज चढल्यासारखी रेघ उमटते. गंजाची उपमा अगदी चुकीची नाही, कारण तो रंग मुख्यतः रक्तातल्या लोहाचा असतो, बंद झालेल्या शिरेतून बाहेर झिरपून कातडीत साठलेला. म्हणूनच चेहऱ्यावरचे काळे डाग घालवणारी क्रीमं यावर फारशी चालत नाहीत. ती मेलॅनिनवर, म्हणजे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्यावर काम करतात, लोहावर नाही. शरीरातल्या पेशी हे लोह कणाकणाने उचलून नेतात आणि त्याला वेळ लागतो. बहुसंख्य डाग ६ ते १२ महिन्यांत फिके होऊन जातात. थोड्या लोकांत वर्षापुढेही रेंगाळतात. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ते जास्त उठून दिसतात, आणि जाड शिरांवर, किंवा औषध गरजेपेक्षा तीव्र असेल तर, जास्त पडतात. ‘शीर गेली, डाग राहिला, मग उपयोग काय?’ हा राग मला चांगला ठाऊक आहे. पण शीर आपोआप जात नाही, डाग जातो.

तिसरा मात्र खरा खट्याळ. उपचार केलेल्या जागेच्या आसपास लालसर, केसाहून बारीक नव्या शिरांचा पुंजका उगवतो. लाली पसरल्यासारखी दिसते. मांडीच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला हे जास्त होतं. जास्त वजन, संप्रेरकांच्या गोळ्या, जोराने सोडलेलं औषध यांनी शक्यता वाढते. यातले बरेचसे पुंजके ३ ते १२ महिन्यांत स्वतःहून जातात, म्हणून लगेच त्यावर परत सुया मारून घेऊ नयेत. टिकले तर डॉक्टर आधी त्यांना पोसणारी शीर राहून गेलीय का ते शोधतात.

क्वचित औषध शिरेबाहेर गेल्याने किंवा बारीक धमनीत शिरल्याने कातडीचा छोटा तुकडा मरतो आणि जखम होते. ती आठवडे घेत भरते आणि खूण राहते. टोचलेल्या जागी पांढराफट्ट किंवा काळा-जांभळा डाग पडून वेदना वाढत असेल तर दोन दिवस वाट पाहू नका.

थेट दवाखाना गाठायची लक्षणं

पोटरी किंवा अख्खा पाय एका बाजूचाच सुजणं, दुखणं, गरम लागणं. धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त. तोंड, ओठ सुजणं, अंगभर गांधी. बोलणं अडखळणं, चेहरा वाकडा होणं, हातपाय लुळे पडणं, दिसेनासं होणं. ही सगळी दुर्मीळ आहेत, पण यांपैकी काहीही झालं तर फोनवर सल्ला घेत बसायचं नाही, तातडीच्या विभागात जायचं आणि ‘पायाच्या शिरांना इंजेक्शन घेतलं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

लेझर का नाही?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, कारण सुई नको असते. लेझरचं तत्त्व सुरेख आहे: रक्तातला लाल रंग विशिष्ट लहरींचा प्रकाश शोषतो, तापतो, आणि शिरेची भिंत आतून भाजून बंद होते, आजूबाजूची कातडी मात्र वाचते. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे तत्त्व १९८३ साली मांडलं. चेहऱ्यावरच्या बारीक शिरांना ते झकास लागू पडतं. पायांचं गणित वेगळं आहे. तिथल्या शिरा जास्त खोल, त्यांची जाडी कमीजास्त आणि उभं राहिल्यामुळे आत दाब जास्त. पोसणारी निळी शीर तशीच राहिली तर वरची फांदी भाजून काही साधत नाही.

दुसरी अडचण कातडीच्या रंगाची. मेलॅनिनही प्रकाश शोषतं. ५३२ नॅनोमीटरसारख्या आखूड लहरींचं लेझर सावळ्या कातडीवर चालवलं तर शिरेआधी कातडीच भाजते आणि पांढरे किंवा काळे चट्टे राहतात. त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. ते खोलवर जातं आणि मेलॅनिन त्याला कमी अडवतं. तेही कातडी थंड करत, जपून वापरावं लागतं आणि प्रत्येक झटका रबरबँड सोडून मारल्यासारखा लागतो. मला विचाराल तर सुईपेक्षा ते कमी दुखतं ही समजूत खोटी आहे.

तरी लेझर योग्य ठरतं अशा जागा आहेत: सुईच आत जाणार नाही इतक्या बारीक लाल शिरा, उपचारानंतर उगवून टिकलेला लाल पुंजका, औषधाची ॲलर्जी, किंवा सुयांची खरीखुरी भीती. काही डॉक्टर दोन्ही मिळून वापरतात: निळ्यांना सुई, उरलेल्या लालांना लेझर.

क्रीमं, तेलं, व्हिनेगर, चोळण्याची औषधं यांनी शिरा जात नाहीत. औषध कातडीच्या खालच्या शिरेच्या आत पोचणार कसं, एवढा एकच प्रश्न जाहिरात वाचताना स्वतःला विचारावा.

किती वेळा आणि किती निकाल

एका बैठकीत सगळं संपत नाही. बहुतेकांना २ ते ४ बैठका लागतात, जाळी दाट असेल तर त्याहून जास्त. दोन बैठकांमध्ये बहुतेक डॉक्टर ४ ते ८ आठवडे जाऊ देतात, म्हणजे पहिल्या कामाचा परिणाम दिसतो आणि उगाच तिथेच पुन्हा टोचलं जात नाही. बारीक शिरांचा निकाल ३ ते ६ आठवड्यांत दिसू लागतो, जाड शिरांना ३-४ महिने लागतात. डाग धरले तर खरा अंतिम फोटो वर्षाने काढायचा.

पाय अगदी कोरे होतील ही अपेक्षा ठेवू नका. हातभर अंतरावरून लक्षात येणार नाही इतपत फरक, हा चांगला निकाल. काही शिरा हट्टी निघतात. दोन-तीनदा नीट काम करूनही फरक पडला नाही तर तीच सुई पुढे रेटण्याऐवजी औषध, तीव्रता किंवा निदान यातलं काहीतरी बदलायला हवं, आणि आधी झाली नसेल तर डॉप्लर करून घ्यायला हवी.

नीट बंद झालेली शीर बहुधा परत येत नाही, पण शिरा तयार होण्याची प्रवृत्ती कायम असते, म्हणून काही वर्षांनी दुसरीकडे नव्या दिसतात. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, उभ्याच्या कामात दाबाचे मोजे घालणं आणि मधूनमधून टाचा उचलणं याने पायांना हलकं वाटतं आणि सूज कमी राहते. नव्या जाळ्या अजिबात येणार नाहीत असं मात्र याने होत नाही. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी एखादी छोटी बैठक लागेल असं धरूनच चालावं.

माझ्या तीन बैठका झाल्या. चौदाव्या महिन्यात जुन्याच खिडकीजवळ फोटो काढला तेव्हा मांडीवरची जाळी शोधावी लागत होती. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक लाल फांदी अजून आहे. तिथली कातडी पातळ असते आणि जखम झालीच तर भरायला वेळ घेते, म्हणून डॉक्टर म्हणाले, हिला राहू द्या. मी राहू दिली.